एक्स्ट्रीमिझमला मराठीत काय म्हणायचं? आणि असायलमचा क्लेम 'रेकॉर्ड' होणे म्हणजे नोंद की ध्वनिमुद्रण?

लेस्टरवाली
मंडळी, जरा मदत करा. इकडच्या मराठी मंडळींच्या एका अंकासाठी लेख लिहितेय, विषय आहे ब्रिटिश सरकारचं विद्यापीठांबद्दलचं धोरण. एक भाग 'प्रिव्हेंट' या सरकारी दहशतवादविरोधी धोरणावर, मुख्यतः २०१५ च्या दहशतवादविरोधी कायद्यातलं कलम २६, ज्याने विद्यापीठांवर जबाबदारी टाकली की कुणी दहशतवादाकडे ओढलं जाऊ नये याकडे रीतसर लक्ष ठेवा. दुसरा भाग स्टुडंट व्हिसावर येऊन पुढे असायलम मागणाऱ्यांचा, म्हणजे 'मायदेशी जिवाला धोका आहे, इथे राहू द्या' म्हणणाऱ्यांचा. २०२४ मध्ये इथे असायलम मागणारे एक लाख आठ हजारांवर होते, त्यातले सोळा हजारांच्या आसपास आधी स्टुडंट व्हिसावर होते, त्यामुळे सध्या दोन्ही विषय एकाच दमात बोलले जातात.
तर संपादकांनी मजकूर तपासून पाठवला त्यात एक्स्ट्रीमिझमचं सरसकट 'अतिरेकी कारवाया' केलंय. आता इथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये 'नॉन-व्हायलंट एक्स्ट्रीमिझम' असा शब्दप्रयोग आहे, त्याचं झालंय 'अहिंसक अतिरेकी कारवाया'. आणि 'होम ऑफिसने (म्हणजे इथल्या गृहखात्याने) क्लेम रेकॉर्ड केला' याचं 'दाव्याचे ध्वनिमुद्रण केले'. मला नोंद म्हणायचं होतं. संपादक म्हणतात वाचकाला असंच कळतं. खरंच कळतं का?

चहाबाज
अहिंसक अतिरेकी म्हणजे एके-४७ घेऊन उपोषणाला बसलेला माणूस का?

शुद्धमती
चहाबाज, हसण्यावारी नेऊ नका. 'अतिरेक' हा उत्तम शब्द आहे, प्रमाणाबाहेर जाणे. वृत्तपत्रांनी पंजाब आणि काश्मीरच्या बातम्यांत वापरून वापरून त्याचं वाटोळं केलं, त्यात शब्दाचा काय दोष? मूळ अर्थ परत रुजवायचा असेल तर कुणीतरी वापरायला सुरुवात करायलाच हवी. अतिरेकवाद म्हणा.

चहाबाज
ताई, तुम्ही रुजवा, पण त्या पोराला कॉलेजातून फोन आला की 'तुमचा मुलगा अतिरेकवादी वाटतो' तर सांगलीत त्याची आई जागीच बसेल.

बखरबहाद्दर
अहो शब्द आपल्याकडे शंभर वर्षं पडून आहे. जहाल! काँग्रेसमधल्या एक्स्ट्रीमिस्ट आणि मॉडरेट या दोन गटांना मराठीने जहाल आणि मवाळ म्हटलं, आणि अजून शाळेच्या पुस्तकात तेच आहे. त्यात हिंसा असलीच पाहिजे असं कुठे आहे? टिळक १९०७ च्या जानेवारीत कलकत्त्याच्या भाषणात म्हणाले होते की आजचे जहाल उद्याचे मवाळ होतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते. 'अहिंसक जहाल विचार' म्हणा, काही खटकत नाही.

लेस्टरवाली
हे मी पण लिहून पाहिलं होतं. अडचण अशी की जहाल म्हटलं की आपल्या माणसाची छाती फुगते. प्रिव्हेंटची २०११ ची व्याख्या आहे 'मूलभूत ब्रिटिश मूल्यांना उघड किंवा सक्रिय विरोध', म्हणजे लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, वेगवेगळ्या धर्मांबद्दल आदर वगैरे. 'ब्रिटिश मूल्यांना विरोध करणारे जहाल विद्यार्थी' असं छापलं तर मराठी वाचक त्या पोरांचा सत्कार करेल.

निमूटराव
जहाल हा अरबी जाहिलवरून आलाय, जाहिल म्हणजे अडाणी. म्हणजे इंग्रजांच्या बाजूच्या कुणीतरी मुद्दाम दिलेलं नाव असणार.

शुद्धमती
पुरावा? आमच्याकडे जहाल औषध, जहाल मिरची, जहाल विष असं म्हणतात. त्यात अडाणीपणा कुठे आला? मला तो जहर कुळातला वाटतो.

निमूटराव
जहर तरी कुठे संस्कृत आहे, तो फारसीच. म्हणजे परकीय तर परकीयच.

दप्तरदार
व्युत्पत्ती राहू द्या बाजूला. मी कोर्टात आयुष्य काढलं, ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघतच नाहीये. रेकॉर्डला नोंद हे बरोबर, पण नोंद एकच नसते. आपल्याकडे पोलीस ठाण्यात माणूस जातो, ठाणे अंमलदार ऐकून घेतो, स्टेशन डायरीत दोन ओळी टाकतो, माणसाला वाटतं तक्रार झाली. नंतर कळतं की एन.सी. आहे, अदखलपात्र, गुन्हा दाखलच नाही. मागणे, नोंद होणे, दाखल होणे, दखल घेणे ही चार वेगळी कामं आहेत. तुमच्या तिकडे नेमकं काय होतं ते सांगा मग शब्द सांगतो.

लेस्टरवाली
दप्तरदार काका, अगदी हेच हवं होतं. इथे असं आहे: आधीपासून देशात असलेल्या माणसाने फोन करून वेळ घ्यायची, बहुतेकांना क्रॉयडनच्या लूनर हाऊसला, म्हणजे होम ऑफिसच्या कचेरीत, बोलावतात. तिथे स्क्रीनिंग, म्हणजे बोटांचे ठसे, फोटो, कोण, कुठून, कसा आलास, थोडक्यात भीती कशाची. मग एक कार्ड मिळतं. त्यानंतर किती तरी महिन्यांनी मोठा इंटरव्ह्यू, त्यात खरी कहाणी. आणि गंमत म्हणजे तो इंटरव्ह्यू खरोखरच ऑडिओ रेकॉर्ड होतो! २००५ मध्ये इथल्या अपील कोर्टाने सांगितलं की सरकारी खर्चाने वकील किंवा दुभाषा सोबत नसेल तर माणसाला मुलाखत टेप करायची मुभा द्या, नाहीतर नंतर तो म्हणणार मी असं बोललोच नव्हतो आणि अधिकारी म्हणणार कागदावर तर हेच आहे. तेव्हा संपादकांचं ध्वनिमुद्रण दुसऱ्या ठिकाणी बरोबर आहे, पहिल्या ठिकाणी नाही.

दप्तरदार
मग सोपं आहे. लूनर हाऊसला होते ती नोंद. मोठा इंटरव्ह्यू म्हणजे जबाब. त्याला मुलाखत म्हणू नका, मुलाखत नोकरीची असते नाहीतर नटीची असते. जबाब नोंदवला, जबाब टेप केला. आणि 'दावा' अजिबात नको. दावा दिवाणी कोर्टात, दावा ठोकायचा असतो कुणावर तरी. हा माणूस कुणावर ठोकतोय? मागणी म्हणा किंवा अर्ज.

गोंयकार_ब्रसेल्स
युरोपियन युनियनच्या असायलमबद्दलच्या २०१३ च्या डायरेक्टिव्हमध्ये (सदस्य देशांसाठीचा नियम) दप्तरदारांनी सांगितलेला फरक शब्दशः आहे. माणसाने तोंडी म्हटलं की मला आश्रय हवा, ती झाली मागणी. मग तीन कामाच्या दिवसांत सरकारने नोंद करायची. आणि मग अर्ज दाखल व्हायचा, तो वेगळा टप्पा. (ब्रिटन त्या डायरेक्टिव्हमध्ये नव्हतंच, तो भाग वेगळा.) आम्ही इथे ऑफिसात इंग्रजी वाचून गोंधळतो आणि मराठीत सरळ मागणी-नोंद-दाखल.

शुद्धमती
'दाखल' अरबी आहे.

चहाबाज
'जबाब' पण. ताई, सगळंच कोर्ट बंद करायचं का?

उल्हास_कॅम्प४
नोंद ठीक, पण असायलमला काय म्हणणार? वरती आश्रय आलंय. 'आश्रित' हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा होता. आजोबा सिंधमधून आले, इथे ऐकावं काय लागायचं, निर्वासित. निर्वासित म्हणजे हाकलून दिलेला. शरणार्थी म्हणा तर आजोबा म्हणायचे मी कुणाला शरण गेलो नाही, आम्ही पुरुषार्थी. तेव्हा बरेच लोक स्वतःला पुरुषार्थीच म्हणवून घ्यायचे. मी मराठी शाळेत शिकलो, निबंधात पुरुषार्थी लिहिलं तर बाईंनी लाल खूण केली.

बखरबहाद्दर
शरणचा मुद्दा बरोबर आहे. मराठीत शरण जाणं एक तर विठोबाला नाहीतर लढाईत. शरणार्थी ही हिंदी बातम्यांची देणगी. जुना शब्द अभय. किंवा राजाश्रय.

चहाबाज
राजाश्रय गवयाला मिळतो बडोद्यात.

निमूटराव
थारा? पण थारा नेहमी नकारातच, गुन्हेगारांना थारा देणार नाही. आसरा बरा, पण आसरा म्हणजे आमच्याकडे विहिरीतल्या सात आसरा, तिन्हीसांजेला तिकडे फिरकू देत नसत.

बखरबहाद्दर
असायलम म्हटल्यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ८ जुलै १९१०, मार्सेय बंदर, सावरकर मोरिया बोटीवरून उडी मारून फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले, फ्रेंच पोलिसाने धरून परत इंग्रजांच्या हवाली केलं. तो वाद हेगच्या लवाद न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल लागला की परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. म्हणजे फ्रान्सच्या जमिनीवर पाय ठेवला, आश्रय मागायला तोंड उघडलं, पण दप्तरदारांच्या भाषेत नोंदच झाली नाही.
आणि कॅम्पसवरच्या एक्स्ट्रीमिझमचं धोरण म्हणाल तर ते काही २०१५ चं नाही. १९०७ मध्ये लंडनला ली-वॉर्नर समिती बसली, हिंदी विद्यार्थी तिकडे जाऊन बिघडतात का हे बघायला. अहवाल तेव्हा प्रसिद्धच केला नाही. १९०९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी माहिती केंद्र काढलं, वरून मदत, पण पोरांना पक्की शंका की आपल्यावर नजर ठेवायला आहे. त्याच वर्षी १ जुलैला मदनलाल धिंग्राने कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्याला मारलं, आणि धिंग्रा कोण, तर युनिव्हर्सिटी कॉलेजचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. इकडे हिंदुस्थानात १९०७ चं रिस्ले सर्क्युलर, विद्यार्थ्यांनी राजकीय सभांना जायचं नाही.

लेस्टरवाली
ही नजर आणि मदतीची गोष्ट अजून तशीच आहे. प्रिव्हेंटला इथे 'सेफगार्डिंग' म्हणतात, म्हणजे मुलाची काळजी. ज्याच्यावर नजर आहे त्याला ती पाळत वाटते. नॉटिंगहॅमला २००८ मध्ये, म्हणजे कायदा यायच्या आधीच, एका एमएच्या विद्यार्थ्याने अल-कायदाचं मॅन्युअल अभ्यासासाठी डाउनलोड केलं, तेही अमेरिकेच्या न्याय खात्याच्या वेबसाइटवरून, विद्यापीठाने पोलिसांना कळवलं आणि पोराला जवळपास आठवडाभर आत ठेवलं. आरोप काहीच नाही. २०११ मध्ये पोलिसांनी वीस हजार पाउंड देऊन प्रकरण मिटवलं. त्या मुलाला आपण कुठला शब्द लावणार, अतिरेकी, जहाल, का नुसता अभ्यासू?

मध्यममार्गी
पर्याय देतो. कट्टरता. कट्टरतावाद आता सगळे वापरतात.

चहाबाज
आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर दर वाढदिवसाला 'कट्टर कार्यकर्ता' असतं, खाली गॉगल लावलेला फोटो. ती पदवी आहे हो, आरोप नाही.

मध्यममार्गी
मग टोकाचे विचार. 'विद्यार्थ्यांना टोकाच्या विचारांपासून दूर ठेवणे'.

उल्हास_कॅम्प४
पेपरात 'टोकाचं पाऊल उचललं' म्हणजे काय होतं माहितीये ना? आई-बाप घाबरतील. त्यांना वाटेल मुलगा जिवाचं बरंवाईट करणार म्हणून कॉलेज लक्ष ठेवतंय.

लेस्टरवाली
बापरे, हे लक्षात आलं नव्हतं. पण सेफगार्डिंगवाल्यांना तो घोटाळा कदाचित आवडेल.

दप्तरदार
सरकारी मराठीत याला 'कडवा' आहे. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळात जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं त्यात 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या' संघटना अशी शब्दयोजना आहे. म्हणजे एक्स्ट्रीम बरोबर कडवा. छापील, अधिकृत.

निमूटराव
त्याच विधेयकावर आक्षेप होता ना की कडवा कोण हे कोण ठरवणार? म्हणजे शब्द मिळाला आणि व्याख्या गायब. तिकडेही २०२४ च्या मार्चमध्ये सरकारने नवी व्याख्या आणली तेव्हा हीच बोंब होती, हिंसा, द्वेष किंवा असहिष्णुता यांवर आधारलेली विचारसरणी वगैरे, आणि ती कायद्यात नाहीच, नुसती सरकारी कामकाजापुरती. आपलं विधेयक म्हणजे सरळसरळ

संपादक_मंडळ
निमूटराव, राजकारण नको. इथे शब्दांवर बोला. पुढचा भाग काढला आहे.

निमूटराव
शब्दांवरच बोलत होतो. 'कडवा' हा शब्द आहे.

शुद्धमती
कडवा चालेल मला, देशी आहे. पण मग 'कॅम्पस' कशाला? आवार म्हणा. विद्यापीठाच्या आवारातील कडवेपणा. कडवेपणा, आश्रयमागणी, नोंद, जबाब ऐवजी कथन. झाला लेख मराठी.

चहाबाज
'आवारातील कडवेपणा' म्हणजे सोसायटीत कडुनिंब लावलाय असं वाटतं.

शुद्धमती
हीच टिंगल सरकारी पदांना मराठी नावं देणाऱ्या पदनाम कोशाची केली होती, बदनाम कोश म्हणून. आज त्यातलेच किती शब्द तुम्ही रोज वापरता. सावरकरांच्या महापौरलाही हसलेच होते लोक.

बखरबहाद्दर
सावरकर निघालेच आहेत तर, १९०५ च्या होळीनंतर, म्हणजे विदेशी कपड्यांच्या, फर्ग्युसनच्या रँग्लर परांजप्यांनी त्यांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढलं होतं. कॅम्पसवरचा बंदोबस्त पुण्यात आधी झाला, लंडनमध्ये नंतर.

मध्यममार्गी
परांजपे मवाळ होते म्हणून. टिळकांनी त्यावरून चांगलंच झोडलं होतं त्यांना.

दप्तरदार
तेव्हाच्या दहा रुपयांत महिन्याची खाणावळ भागली असती.

बखरबहाद्दर
खाणावळ नाही, क्लब म्हणायचे. विद्यार्थ्यांचे क्लब असत.

दप्तरदार
क्लब कोकणस्थांचे. आमच्याकडे खाणावळच म्हणत.

लेस्टरवाली
मंडळी, मजकूर उद्या द्यायचाय. तूर्तास नोंद आणि जबाब पक्कं करते. एक्स्ट्रीमिझम तसंच ठेवू का, देवनागरीत?

शुद्धमती
मुळीच नाही.

चहाबाज
ठेवा बिनधास्त.

उल्हास_कॅम्प४
कॅम्पस काढू नका मात्र. कॅम्प आणि कॅम्पस एकाच घरचे, लॅटिनमध्ये मोकळं मैदान. आमचं गाव कल्याणच्या लष्करी छावणीत वसलं, १९४९ मध्ये राजगोपालाचारींनी येऊन उल्हासनगर नाव दिलं, तरी पत्ता अजून कॅम्प नंबर चार असाच सांगतो. रिक्षावाल्याला 'छावणी क्रमांक चार' म्हणून बघा.

शुद्धमती
रिक्षावाल्याला कळत नाही म्हणून भाषा सोडायची का? आणि रिक्षा जपानी आहे.

बखरबहाद्दर
दप्तरदार, क्लब फक्त कोकणस्थांचे हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमचे आजोबा देशस्थ, सदाशिव पेठेत क्लबातच जेवायचे.