सुका पाला आणि रविवारची वाटणी
अंगणातला सुका पाला नवऱ्याने झाडायचा, बायकोने गोळा करायचा आणि शेवटी काडी लावून मोकळं व्हायचं, असा सल्ला कुणीतरी दिलाय. वाटणी ठीक आहे, आमच्याकडेही रविवारी हेच चालतं, फक्त खराटा माझ्या हातात असतो कारण नवरा कोपरे सोडून मधलं अंगण तेवढं झाडतो आणि वर चहा मागतो :) पण काडी लावायचं नाही पटलं. धूर शेजाऱ्यांच्या घरात जातो ते वेगळंच, उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायपीठ) २०१६ मध्येच बंदी घातलीय, ५००० रुपये दंड आहे.

आम्ही जाळण्याऐवजी खत करतो. त्यासाठी तारेच्या जाळीचा कमरेइतका उंच गोल करून ठेवलाय, पाला त्यात दाबून भरतो. नुसता सुका पाला लवकर कुजत नाही कारण त्यात नत्र (नायट्रोजन) फार कमी, म्हणून मधेमधे शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) नाहीतर आंबट ताक नि गूळ पाण्यात कालवून शिंपडायचं आणि ओल टिकवायची बस्स. आंब्या-फणसाची पानं जाड असतात, ती आधी पायाखाली चुरडून घ्या, हे काम नवऱ्याला द्या, आवडीने करतात. पावसाळ्यात वरून ताडपत्री टाका नाहीतर सगळा गिचका होतो.