नवऱ्याने दिवाळं जाहीर केलं तर कर्ज सुटतं का? (बडोदा)

रावपुऱ्याची_सून
नमस्कार मंडळी, जरा नाजूक विषय आहे. आमचं रावपुऱ्यात लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. आता लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण पाठवतात आणि देवापुढे ठेवायला म्हणून पन्नास पत्रिका छापून घेतात, त्यात दुकानाचं लाइटबिल निघालं तरी खूप. कर्ज असं आहे, फ्लॅटवर टॉप-अप (आधीच्या कर्जावर वाढवून घेतलेलं) धरून 14 लाख (ह्यात मी सहकर्जदार म्हणजे को-अ‍ॅप्लिकंट), फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन 5 लाख, क्रेडिट कार्डं मिळून 3 लाख, आणि बाजारातल्या एकाकडून व्याजाने घेतलेले 2 लाख, त्याच्याकडे ह्यांनी सह्या केलेले कोरे चेक आहेत. फ्लॅटचे हप्ते अजून चालू आहेत, बाकीचे थकलेत. नणंद न्यू जर्सीला असते, ती म्हणते बँकरप्सी फाइल करा आणि मोकळे व्हा, तिच्या शेजाऱ्याचं कार्डांचं सगळं माफ झालं म्हणे. आपल्याकडे असं होतं का? वकिलाला द्यायलाही पैसे नाहीत. आणि जेल वगैरे होते का, वसुलीवाले रोज तेच बोलतात.

दिवाळीपुरा_कोर्टवाला
ताई, आधी जेलचं. कर्ज फेडता आलं नाही एवढ्यावरून जेल होत नाही, सुप्रीम कोर्टाने 1980 मध्येच सांगितलंय की पैसे असून मुद्दाम बुडवतोय असं दिसलं पाहिजे, नुसती गरिबी हा गुन्हा नाही. चेक बाउन्स मात्र वेगळी गोष्ट, ते खाली लिहितो.

नणंदबाई सांगतात तो अमेरिकेतला चॅप्टर 7, तो तिथलाच कायदा. आपल्याकडे 2016 चा इन्सॉल्व्हन्सी कोड (दिवाळखोरीचा कायदा) आला, त्यात सामान्य माणसासाठी एक भाग आहे पण तो अजून लागूच केलेला नाही, फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना 2019 च्या डिसेंबरपासून लागू आहे. आणि लागू असता तरी त्यातली सरसकट माफीवाली सोय वर्षाला 60 हजारांपर्यंत कमाई, 35 हजारांपर्यंत कर्ज आणि स्वतःचं घर नाही अशांसाठीच. आता 35 हजारांसाठी कोण दिवाळं काढतो सांगा.

म्हणजे बडोद्यात उरतो तो 1920 चा इंग्रजांच्या काळातला नादारीचा (दिवाळखोरीचा) कायदा. त्यात जिल्हा कोर्टात अर्ज करता येतो, कर्ज 500 रुपयांच्या वर असलं की पात्र (हो, पाचशेच, तेव्हाची रक्कम आहे). कोर्टाने नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, तो विकून वाटप करतो, आणि कार्डवाले, पर्सनल लोनवाले यांना कोर्टाला विचारल्याशिवाय वेगळी कारवाई करता येत नाही. शेवटी डिस्चार्ज (कोर्टाकडून कर्जमुक्ती) मिळाला तर उरलेलं सुटतं. पण हे वर्षानुवर्षं चालतं, आणि तुमच्या बाबतीत दोन मोठी भोकं आहेत. फ्लॅट बँकेकडे गहाण आहे, गहाणवाल्याला नादारी अडवत नाही. दुसरं, ह्यांना डिस्चार्ज मिळाला तरी को-अ‍ॅप्लिकंट किंवा जामीन सुटत नाही, कलम 44 मध्ये स्पष्ट आहे, म्हणजे फ्लॅटच्या कर्जापुरती सगळी बँक तुमच्या एकटीच्या मागे येणार.

जुगाड_नंबर_वन
एवढं काय, फ्लॅट भावाच्या नावावर करून टाका मग करा दिवाळं जाहीर, आमच्या सोसायटीत एकाने केलंय

दिवाळीपुरा_कोर्टवाला
नंबर वन साहेब, बँकेच्या एनओसीशिवाय (ना हरकत पत्राशिवाय) गहाण फ्लॅट कोणाच्या नावावर करणार? आणि नादारीचा अर्ज करायच्या आधीच्या दोन वर्षांत फुकट किंवा नावापुरते पैसे घेऊन कोणाला काही दिलं असेल तर ते रद्द करता येतं. ताई, ह्या फंदात पडू नका, हे लबाडीत मोजलं जातं आणि मग डिस्चार्ज विसरा.

निवृत्त_बँकवाला_काका
मी 31 वर्षं बँकेत काढली, शेवटची काही वसुली खात्यात, म्हणून स्पष्ट बोलतो. चारही कर्जांना एकाच दोरीने बांधू नका. फ्लॅटचा हप्ता सगळ्यात आधी. तो 90 दिवस थकला की खातं एनपीए (थकीत कर्जात जमा), मग गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायच्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस, मग ताबा आणि लिलाव. नोटिशीला लेखी उत्तर द्या, बँकेला 15 दिवसांत त्याचं उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई चुकीची वाटली तर 45 दिवसांत डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाता येतं, गुजरातचं अहमदाबादला आहे. आता कडू बोलतो, फ्लॅट परवडत नसेल तर स्वतः गिऱ्हाईक शोधून बँकेच्या एनओसीने विका, लिलावात तो भाव कधीच येत नाही. आणि पैसे भरून सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच असतो, बरेच लोक जाहिरात बघून धावत येतात.

कार्डं आणि पर्सनल लोन ह्यांचं सेटलमेंट होतं. लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि "पूर्ण व अंतिम" लिहून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका, फोनवरच्या गोड आवाजाला काही अर्थ नाही. सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदीत) "सेटल्ड" लागेल, पुढे बरीच वर्षं लोन मिळणार नाही. मला विचाराल तर तुम्हाला नवीन लोन न मिळणं हेच बरं. आणि त्या ऑनलाइन "कर्जमुक्ती"वाल्या कंपन्या आधी फी घेतात आणि हप्ते बंद करायला सांगतात, त्यांच्या दारात जाऊ नका.

मांजलपूरचा_मंदार
वसुलीवाल्यांचं मी सांगतो, आमच्याकडे माझ्या भावाच्या लोनपायी आईला फोन यायचे. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही. आधी कंपनीला लेखी तक्रार, 30 दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे (तक्रार सोडवणारा अधिकारी), फुकट आहे, 14448 वर माहिती मिळते. कॉल रेकॉर्ड करून ठेवा, आम्ही रेकॉर्डिंग जोडलं आणि फोन बंद झाले.
आणि तो बाजारातला. लायसन्स नसताना व्याजाचा धंदा करणं गुजरातमध्ये गुन्हा आहे, 2011 चा कायदा. 2023 च्या जानेवारीत पोलिसांनी व्याजखोरांविरुद्ध लोक दरबार भरवले होते आठवत असेल. दिलेल्या पैशांचा कागद ठेवा, यूपीआयने दिले असतील तर स्टेटमेंट काढा.

दिवाळीपुरा_कोर्टवाला
मंदारभाईंचं बरोबर. पण कोरे चेक हलक्यात घेऊ नका ताई. सही आपली असली की रक्कम दुसऱ्याने भरली तरी चेक बाउन्सचं कलम 138 लागू शकतं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुप्पट दंड, आणि नादारीने ही केस थांबत नाही. चेक परत गेल्यावर नोटीस येईल, मिळाल्यापासून पैसे भरायला 15 दिवस असतात, तेव्हाच वकिलाकडून उत्तर गेलं पाहिजे की किती घेतले, किती फेडले. नोटीस घ्यायलाच नकार देतात लोक, त्याने उलट नुकसान होतं. हप्त्याचा ऑटो-डेबिट बाउन्स झाला तरी जवळपास तशीच केस होते.

फीचं म्हणाल तर बाईमाणसाला कमाई कितीही असली तरी सरकारी खर्चाने वकील फुकट मिळतो, 1987 चा कायदा. जिल्हा कोर्टात कायदेशीर सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, नाहीतर 15100 ला फोन करा. ह्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत बसावं लागेल, तुम्ही को-अ‍ॅप्लिकंट आहात म्हणून अर्ज तुमच्या नावाने करा. लोक अदालतीत केस व्हायच्या आधीही तडजोड होते, पण तिथे झालेल्या निकालावर अपील नाही, झेपेल तेवढ्याच हप्त्यावर सही करा.

रावपुऱ्याची_सून
खूप आभार सगळ्यांचे. एक राहिलंच, मी शाळेत नोकरी करते, माझा पगार जप्त करतील का? आणि मंगळसूत्र?

दिवाळीपुरा_कोर्टवाला
पर्सनल लोन आणि कार्डं ह्यांच्या एकट्याच्या नावावर असतील तर त्यांना तुमच्या पगाराला हात लावता येत नाही. फ्लॅटवाल्या बँकेने तुमच्यावर हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा आदेश) मिळवला तरी पहिले 1000 सोडून उरलेल्याचा एक तृतीयांशच जप्त होतो, पीएफला धक्का नाही. मंगळसूत्र जप्तीतून वगळलेलं आहे, दिवाणी कायद्याच्या कलम 60 मध्ये. जाताना लोनचे सगळे करार न्या, पर्सनल लोनमध्ये को-अ‍ॅप्लिकंट म्हणून तुमची सही आहे का ते आधी बघा.

रावपुऱ्याची_सून
बघितलं आत्ता, त्यात नाहीये. सोमवारी हाफ डे टाकून जाते कोर्टात.