दशमांश देणाऱ्याने हिशेब मागणे हा अविश्वास आहे का?

प्रश्न: एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पगार झाला की आधी दहावा हिस्सा काढून पाकिटात घालायचा आणि मगच किराण्याची यादी करायची, हे वळण मला आईने लावले आणि बावीस वर्षांत ते एकदाही मोडले नव्हते. आमची मंडळी (चर्च) स्वतंत्र आहे, कोणत्याही डायोसिसशी, म्हणजे बिशपच्या अधिकारक्षेत्राशी, जोडलेली नाही. उपासना संपल्यावर अर्पणाची थैली पाळकसाहेब घरी नेतात, मोजणी तिथेच होते आणि खजिनदार म्हणून त्यांच्या पत्नींचे नाव आहे. तीन वर्षांपूर्वी छपराच्या पत्र्यांसाठी वेगळी वर्गणी काढली होती. पत्रे अजून गळतात आणि पावसाळ्यात वेदीच्या डाव्या बाजूला आम्ही बादली ठेवतो. वार्षिक सभेत मी जमाखर्च वाचून दाखवण्याची विनंती केली, तेव्हा 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे वचन ऐकवून सभा प्रार्थनेने संपवण्यात आली.

तेव्हापासून दोन महिन्यांची दोन पाकिटे माझ्या कपाटात पडून आहेत. बायबलमधल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात दशमांश न देणे म्हणजे देवाला लुबाडणे म्हटले आहे; त्याप्रमाणे मी देवाला लुबाडते आहे का, या विचाराने रात्री झोप लागत नाही. पाळकसाहेबांनी माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात रात्र-रात्र जागून प्रार्थना केली आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी वाईट बोलण्याची माझी इच्छा नाही. मी काय करावे?

उत्तर 1: बायबलचा शिक्षक, पुणे

ताई, ज्या वचनाने तुम्हाला गप्प केले गेले ते आधी पाहू. स्तोत्रसंहिता 105 मध्ये 'अभिषिक्त' म्हणजे अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचे परदेशी म्हणून भटकणारे कुटुंब, आणि दटावणी आहे ती त्यांच्यावर जुलूम करू पाहणाऱ्या राजांना. मंडळीच्या जमाखर्चाचा तिथे काही संबंध नाही.

मलाखीचे म्हणाल, तर त्याच ग्रंथाच्या पहिल्या दोन अध्यायांत संदेष्ट्याने सर्वांत कठोर शब्द याजकांसाठी वापरले आहेत, आणि तिसऱ्या अध्यायात दशमांशाच्या थोडे आधी मजुराची मजुरी अडवणाऱ्यांना आणि विधवा व अनाथांवर जुलूम करणाऱ्यांना इशारा आहे. आठवे वचन तेवढे उचलून देणाऱ्यावर रोखायचे आणि बाकीचे झाकून ठेवायचे, हा वचनावरच अन्याय आहे. नियमशास्त्रातला दशमांश लेव्यांच्या, म्हणजे जमिनीचे वतन नसलेल्या मंदिरसेवक वंशाच्या, निर्वाहासाठी होता; गणना या ग्रंथाच्या 18 व्या अध्यायाप्रमाणे लेव्यांनाही मिळालेल्या दशमांशाचा दशमांश याजकाला द्यावा लागे; आणि अनुवाद या ग्रंथाच्या 14 व्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवून लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावे, अशी आज्ञा होती. घेणाऱ्यावर बंधन नसलेला दशमांश शास्त्रात मला कुठे आढळलेला नाही.

तुमच्या पत्र्यांविषयी वाचून मला 2 राजे 12 आठवला. योआश राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी याजकांनी मंदिराची डागडुजी केली नव्हती, म्हणून त्यांच्या हातून पैसा काढून घेण्यात आला आणि झाकणाला भोक पाडलेली एक पेटी वेदीच्या उजव्या बाजूला ठेवण्यात आली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे मिळून पैसे मोजत आणि थैल्यांत बांधत. याच अध्यायात पुढे असेही आहे की ज्यांच्या हाती कामासाठी पैसा दिला त्यांच्याकडून हिशेब घेत नसत, कारण ते इमानाने वागत. हे वचन तुमच्यापुढे ठेवले जाईल, म्हणून आधीच सांगतो: ती मोकळीक मिळाली ती दोघांनी मोजणी केल्यानंतर, आणि तीही काम प्रत्यक्ष करून घेणाऱ्यांना.

पौल तर प्रेषित होता. तरीही यरुशलेमेच्या गरिबांसाठीची देणगी त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला भाऊ सोबत घेतला, आणि कारण 2 करिंथ 8 मध्ये स्पष्ट लिहिले: या मोठ्या रकमेबाबत कोणी दोष लावू नये, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते व्हावे. तुम्ही सभेत मागितले ते यापेक्षा अधिक नव्हते.

उत्तर 2: माजी खजिनदार, सोलापूर

मी एका मंडळीचा खजिनदार म्हणून अकरा वर्षे सेवा केली. आमच्याकडे दानार्पणाची मोजणी वेस्ट्रीतल्या (चर्चला लागून असलेल्या खोलीतल्या) टेबलावर, उपासनेनंतर लगेच होई. एकाच घरातले दोघे कधी मोजायला बसत नसत. रक्कम शाईने वहीत लिहून दोघांच्या सह्या होत आणि सोमवारी दहा वाजता पैसे बँकेत जात. एका रविवारी मोजणीत पाचशे रुपये कमी आले. दोन पाकिटे एकमेकांना चिकटली होती आणि नोट आतल्या पाकिटात राहिली होती, हे शोधायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास मला अजून आठवतो, कारण सोबत दुसरा भाऊ नसता तर मी निर्दोष आहे हे कोणाला आणि कसे पटवून दिले असते? ही पद्धत पाळकांचे आणि खजिनदाराचेच रक्षण करते. तुमच्या पाळकसाहेबांशी बोलताना याच बाजूने बोला.

उत्तर 3: वकील, छत्रपती संभाजीनगर

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मंडळीची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली झाली आहे का, हे आधी धर्मादाय कार्यालयात पाहा. झाली असेल तर हिशेब ठेवणे आणि त्यांचे लेखापरीक्षण करून घेणे हे विश्वस्तांचे कर्तव्य आहे; मंडळीची जागा विकायची तर कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. विश्वस्त म्हणून कोणाची नावे आहेत तेही तिथे कळेल. मात्र तक्रारअर्ज ही पहिली पायरी करू नका. 1 करिंथ 6 मध्ये भावाभावांचे वाद कोर्टात नेण्याबद्दल पौलाने जी नाराजी लिहिली आहे ती मनात असू द्या, आणि आधी लेखी विनंती करा.

उत्तर 4: वसईचा एक कॅथलिक

आमच्या 1983 च्या धर्मसंहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, प्रत्येक धर्मग्रामाला (पॅरिशला) अर्थसमिती सक्तीची आहे, आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असेही कलम 1287 मध्ये आहे. अंमल सगळीकडे सारखा होतो असा माझा दावा नाही. पण हिशेब मागणाऱ्याला श्रद्धाहीन ठरवण्याची सोय त्या नियमामुळे राहत नाही, आणि हे मला फार मोलाचे वाटते.

प्रश्नकर्त्या भगिनी

सर्वांचे मनापासून आभार. काल सासऱ्यांना ही उत्तरे वाचून दाखवली. ते म्हणाले, "पाळकसाहेबांकडे मी येतो तुझ्याबरोबर, त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली आहे, म्हणून मीच बोललेले बरे." आम्ही दोन विनंत्या लिहून नेणार आहोत: मोजणी मंडळीतच आणि दोन वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी करावी, आणि पत्र्यांच्या वर्गणीचा हिशेब पुढच्या महिन्यात वाचून दाखवावा. अनुवादातले तिसऱ्या वर्षाचे वचन वाचल्यावर एक पाकीट मी आमच्याच मंडळीतल्या एका विधवा भगिनीच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी दिले. दुसऱ्यावर मी आज 'पत्र्यांसाठी' असे लिहिले आहे. मोजणीचे टेबल मंडळीत मांडले गेले की ते त्या टेबलावर ठेवीन.