मित्राला वाचवताना समोरचा मेला असता तर?

चाकणकर:
परवा टपरीवर गाडी लावण्यावरून बाचाबाची झाली. एकाने डिकीतून कोयता काढून माझ्या मित्राच्या मानेवर उगारला. मी हाती लागलेला पान्हा त्याच्या मनगटावर हाणला, कोयता पडला, आम्ही पळालो. पान्हा डोक्यात बसून तो मेला असता, तर मी खुनी ठरलो असतो का? वार माझ्यावर नव्हताच ना.

काळाकोट:
वार तुमच्यावर नव्हता म्हणून काही बिघडत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 35 (जुन्या दंड संहितेत 97) दुसऱ्याचं शरीर वाचवायचाही हक्क देतं, मग तो अनोळखी का असेना. जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी कलम 38 तुमच्या बाजूने उभं राहतं. घोडं पेंड खातं ते दुसऱ्या फटक्यावर. कोयता पडला, माणूस पळायला लागला, तरी मारत राहिलात, तर भीती संपली तिथे हक्कही संपला (कलम 40). शवविच्छेदनात पाठीवरच्या जखमा दिसल्या की आम्हा बचावाच्या वकिलांना बोलायला जागा उरत नाही. त्या क्षणी किती जोर लावला हे मात्र कोर्ट गणितासारखं मोजत नाही. 2010 च्या दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलंय.

रानपाखरू:
द्रोणपर्वात हेच आहे. भूरिश्रव्याने सात्यकीचे केस धरून तलवार उगारली, अर्जुनाने बाणाने त्याचा हात तोडला. ‘मी दुसऱ्याशी लढत असताना तू मध्ये का पडलास?’ असं भूरिश्रवा चिडून विचारतो. आपल्यासाठी लढणारा डोळ्यांदेखत मरू द्यायचा का, हे अर्जुनाचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण मग भूरिश्रवा शस्त्र सोडून प्रायोपवेशनाला (मरेपर्यंत उपाशी राहायला) बसला, आणि सगळे ‘नको, नको’ म्हणत असताना सात्यकीने त्याचं मुंडकं उडवलं. तो खूनच. मागचं वैर कितीही असो.

चाकणकर:
धन्यवाद. मनगटाचा नेम वगैरे नव्हता हो, कोयता दिसला तिकडे हाणलं. पोलिसांत अजून गेलो नाही. मित्र म्हणतो, कशाला झेंगट?

काळाकोट:
आजच जा, मित्रालाही न्या. त्या कोयतेवाल्याने आधी तक्रार दिली तर कागदावर हल्लेखोर तुम्ही असाल. टपरीसमोर सीसीटीव्ही असेल तर फुटेज पुसलं जायच्या आत जपून ठेवायला सांगा. आणि तो पान्हा धुऊ नका.