गोव्यात ओपन ट्रायल, पोरगा १९ चा, लेफ्ट बॅक. तयारी कशी करून घ्यावी?

रंकाळा_मामा

भाच्यासाठी विचारतोय. वय १९ पूर्ण, उंची १७२ सेंमी, डाव्या पायाचा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर एका तालमीच्या (आमच्याकडे फुटबॉल क्लबला तालीम म्हणतात) वरिष्ठ संघातून खेळतो. गोवा प्रोफेशनल लीगमधल्या एका क्लबची ओपन ट्रायल जुलैत आहे, हातात सहा आठवडे आहेत. दोनेकशे पोरं येतील आणि घेतले तर दोन-तीन घेतील, असं ऐकतोय. घरचे म्हणतात, कशाला पैसे घालवता.

ट्रायलमध्ये नेमकं काय बघतात? सहा आठवड्यांत काय सुधारू शकतं? कागदपत्रं कोणती लागतात? आणि एक गृहस्थ पंचवीस हजारांत "सिलेक्शन करून देतो" म्हणतायत, त्यांचं काय करायचं?

कूपरेज_पूर्व_स्टँड

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. त्या गृहस्थांचा नंबर ब्लॉक करा. नोंदणी फी म्हणून काही क्लब थोडे पैसे घेतात, ते क्लबच्या खात्यात जातात आणि त्याची पावती मिळते. निवडीची हमी विकणाऱ्याच्या हातात निवड नसते. दहा जणांकडून पैसे घ्यायचे, त्यातला एखादा स्वतःच्या खेळावर लागला की "मी लावला" म्हणायचं, एवढाच तो धंदा. एजंट म्हणून काम करायला २०२३ पासून फिफाची परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. परवानाधारकांची नावं फिफाच्या साइटवर शोधता येतात. विचारून बघा, विषय तिथेच संपेल.

आता ट्रायल. ओपन ट्रायलला क्लब अख्खा संघ उभा करायला बसलेला नसतो. संघ बहुतेक ठरलेला असतो, एक-दोन जागा अडलेल्या असतात. त्यामुळे "सर्वात चांगला कोण" यापेक्षा "या जागेवर उद्यापासून कोण चालेल" हा प्रश्न कोचच्या डोक्यात असतो. फॉर्मवर पोझिशनच्या रकान्यात एकच जागा लिहायला सांगा: लेफ्ट बॅक. पोरं "मिडफिल्ड / विंग / कुठेही" लिहितात, मग त्यांना कुठेही टाकतात आणि तिथे ती दिसत नाहीत. खऱ्या डाव्या पायाचे लेफ्ट बॅक कमी असतात, भाच्याच्या हातात तोच एक हुकमी पत्ता आहे.

पहिल्या फेरीत बहुधा वीस-पंचवीस मिनिटांची मॅच मिळते. सगळे अनोळखी आणि प्रत्येकाला स्वतःलाच दाखवायचं असतं, म्हणून पास कोणी देत नाही. बॅकला मोजून आठ-दहा टच मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे चेंडू पायात नसताना तो काय करतो, यावरच निकाल लागतो. चेंडू उजव्या बाजूला असताना आत सरकून सेंटर बॅकला (मधल्या बचावपटूला) आधार देतो का? विंगरला, म्हणजे समोरच्या कडेच्या आक्रमकाला, आतला रस्ता बंद करून बाजूच्या लाइनकडे ढकलतो का, की पहिल्याच हुलकावणीला पाय टाकतो? वर गेल्यावर चेंडू हरला तर परत पळतो का, की हात वर करून उभा राहतो? हे शेवटचं कोच हमखास टिपतात.

आणि बोलायचं. "मॅन ऑन" (माणूस अंगावर आलाय), "टाइम" (वेळ आहे), "टर्न" (वळ) हे तीन शब्द कोणत्याही संघात चालतात. गप्प बॅक कितीही चांगला असला तरी कोचला धाकधूक असते.

यो_यो_उतारा

सहा आठवड्यांत तंत्र फारसं बदलत नाही. दम आणि वेग थोडाफार वाढतो, एखादी ठराविक गोष्ट पक्की होते. तेवढ्यावरच जोर द्या.

दम बघायला बऱ्याच ठिकाणी यो-यो इंटरमिटंट रिकव्हरी, लेव्हल १ घेतात. २० मीटर जायचं, २० मीटर यायचं, मग १० सेकंदांत ५ मीटरच्या पट्ट्यात चालून परत रेषेवर. सुरुवात ताशी १० किमीने होते, वेग बीपनुसार वाढतो, दुसऱ्यांदा रेषा चुकली की बाहेर. क्रिकेटमधला १६.१ चा (सोळाव्या पातळीची पहिली फेरी) आकडा ऐकून समाधान मानू नका, ते जेमतेम ११२० मीटर होतात. फुटबॉलच्या बॅकने १८.८, म्हणजे २०४० मीटरच्या आसपास जायला हवं. पोरं दमामुळे कमी आणि वळण्यामुळे जास्त बाद होतात. दर वेळी एकाच पायावर ब्रेक लावतात, तो पाय आधी संपतो. वळायचा पाय आलटून-पालटून वापरायचा. सुरुवातीला बीपच्या आधी रेषेवर पोचून वाट बघत उभं राहणंही चूकच, शक्ती फुकट जाते.

आठवड्याचा आराखडा साधा ठेवा. एक दिवस स्प्रिंट: ३० मीटर x ६, प्रत्येकीनंतर पूर्ण दोन मिनिटं विश्रांती. विश्रांती कापली की ते दमाचं काम होतं, वेगाचं राहत नाही. एक दिवस यो-योसारखी वळणावळणाची धाव. दोन दिवस चेंडू, एक दिवस मॅच. कोल्हापूरचा हंगाम साधारण मेपर्यंत आटोपतो, त्यामुळे जूनमध्ये मॅच मिळत नाही. टर्फवर सात-सातची तरी लावा, नाहीतर पोरगा तंदुरुस्त असेल पण अंदाज चुकेल. हॅमस्ट्रिंगसाठी (मांडीच्या मागच्या स्नायूसाठी) नॉर्डिक कर्ल, म्हणजे गुडघ्यांवर बसून, घोटे कोणीतरी धरून, सावकाश पुढे झुकणे, आठवड्यातून दोनदा, पहिल्या आठवड्यात ५ चे २ सेट, मग हळूहळू ८ चे ३. एकदम जास्त केले की चार दिवस चालवत नाही.

चेंडूच्या दिवशी बॅकच्या दोनच गोष्टी. धावत येऊन डाव्या पायाने क्रॉस: जवळच्या पोस्टवर खालून आणि गोलरेषेजवळून मागे येणाऱ्याला पास (कट-बॅक), प्रत्येकी वीस. दुसरं, सेंटर बॅककडून आलेला चेंडू लाइनजवळ उघड्या अंगाने घेणे, म्हणजे छाती मैदानाकडे आणि पहिला टच पुढे. छाती लाइनकडे राहिली की पुढचा पास मागेच जातो. कोचला हे पहिल्या मिनिटात दिसतं.

शेवटचे तीन दिवस पायांचं जिम बंद. आणि आदल्या रात्री तांबडा-पांढरा नको, ट्रायल संपल्यावर काय ते करा.

म्हापशेकर

जुलै म्हणजे भर पाऊस. मैदान कोणतं आहे ते क्लबला फोन करून आधी विचारा. म्हापशाचं दुलेर आर्टिफिशियल टर्फ आहे, पण बरीच मैदानं गवताची, आणि जुलैतलं गवत म्हणजे चिखलच. बुटांचे दोन जोड लागतील. शाहू स्टेडियमच्या कडक मातीवर झिजलेल्या स्टडने ओल्या गवतावर वळताना घसरतो, आणि लांब ब्लेड स्टड टर्फवर अडकले की पाय जागेवर राहतो, गुडघा फिरतो. दुकानात प्रकाराच्या नावाने मागा: टर्फला एजी किंवा छोट्या गुट्ट्यांचे टीएफ, थोड्या ओल्या गवताला एफजी, चिखलाला सहा स्टडचे एसजी. नवे बूट ट्रायलच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दरवेळी चार-पाच जण टाचेला पट्टी लावून बसलेले दिसतातच. दोन आठवडे घालून मऊ करा.

शिनगार्ड विसरला तर आत सोडत नाहीत. मोज्यांचे दोन जादा जोड, टॉवेल, प्लॅस्टिकची पिशवी. बिबवर (जर्सीवर घालायच्या बनियनवर) नंबर असतो, तो लक्षात ठेवायला सांगा. यादी नंबरनेच वाचतात.

कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी मैदानावर उतरवू नका. घाटातल्या वळणांनी अर्धी झोप जाते. आदल्या दुपारी पोचा. रिपोर्टिंग सातला असलं तरी प्रत्यक्ष खेळायला दहा-अकरा वाजू शकतात, म्हणून केळी, खजूर, मीठ-साखरेचं पाणी बरोबर. वॉर्म-अप आपल्या गटाच्या आधी पंधरा मिनिटं पुन्हा करायचा. सकाळी एकदा केला आणि तीन तास बसला, तर पहिल्याच स्प्रिंटला स्नायू धरतो.

पुढे, बॅकला सहज मिळणारी गोष्ट म्हणजे थ्रो-इन. डावीकडचे सगळे थ्रो यानेच पटकन घ्यावेत. दर थ्रोला चेंडू त्याच्या हातात, कोचची नजर आपोआप तिकडे.

तालीम_ते_टर्फ

मी थोडं वेगळं सांगतो. जाऊ द्या, पण ओपन ट्रायल हे सगळ्यात अरुंद दार आहे हे धरून चला. इंग्लंडच्या जेमी व्हार्डी या स्ट्रायकरचं नाव अशा वेळी हटकून निघतं. त्याला कोणी वीस मिनिटांच्या ट्रायलमध्ये हेरलं नव्हतं. २०११-१२ मध्ये फ्लीटवूडसाठी पाचव्या पातळीच्या लीगमध्ये त्याने ३१ गोल मारले, मग लेस्टर क्लबने विकत घेतलं. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालील वर्ल्ड कप खेळला, पण तो लहान वयातच पुण्याला गेला होता. १९ व्या वर्षी तो रस्ता बंद झालेला असतो. आता उपयोगी पडतात ते नोंदणीकृत स्पर्धांमधले सामने. मुंबईच्या लीगमधले खालच्या डिव्हिजनचे क्लब, विफाची (राज्याच्या फुटबॉल संघटनेची) आंतरजिल्हा स्पर्धा, तिथून संतोष ट्रॉफीच्या, म्हणजे राज्य संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, शिबिराची शक्यता. रेल्वेच्या खेळाडू भरतीत १०० पैकी ४० गुण ट्रायलचे, ५० कामगिरीचे, १० शिक्षणाचे असतात. म्हणजे प्रमाणपत्रं नसतील तर ट्रायल कितीही चांगली होवो, गाडी अर्ध्यावरच थांबते.

आणि व्हिडिओ बनवा. तीन-चार मिनिटांचे तुकडे, सोबत एक अख्खी मॅच न कापता. कॅमेरा स्टँडवर, मध्यरेषेच्या समोर उंचावर, ट्रायपॉडवर. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला त्याच्यावर बाण. बचावाचे तुकडे अर्धे तरी हवेत. गाणं नको, स्लो मोशन तर मुळीच नको.

फॉर्म_भरणारा

कागद: आधार, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट असल्यास तो, चार फोटो, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट. तिन्ही दाखल्यांवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे का ते आज बघा. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षर, एवढ्यावरही नोंदणी अडते. ट्रायलच्या संमतीपत्रावर बहुधा "दुखापतीची जबाबदारी खेळाडूची" असतं, तेव्हा विमा स्वतःचा असलेला बरा.

खरी मेख सीआरएसमध्ये आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या त्या ऑनलाइन नोंदणीत भाचा आज कोणत्या संघाच्या नावावर आहे? तालमीच्या असेल तर निवड झाल्यावरही बदली व्हावी लागते आणि ती नोंदणीच्या ठरलेल्या मुदतीतच होते. फिफाच्या नियमाने एका हंगामात तीन क्लबांपर्यंत नोंदणी चालते, पण अधिकृत सामने साधारणपणे दोनच क्लबांकडून.

रंकाळा_मामा

सर्वांचे आभार. सीआरएस आयडी तालमीनेच काढला होता, लॉगिन त्यांच्याकडेच आहे. निवड झाल्यावर एनओसी (ना हरकत पत्र) मागितली तर चालेल का?

फॉर्म_भरणारा

आधी मागा मामा. निवड झाल्याचं कळलं की पेठेत चर्चा सुरू होते, मग पत्राला वेळ लागतो. आता हंगाम संपलाय, पदाधिकारी मोकळे आहेत. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, तारीख घालून: "अमुक खेळाडूने अन्य क्लबकडे नोंदणी केल्यास आमची हरकत नाही, येणे बाकी नाही." दोन प्रती. आणि क्लबने करार पुढे केला तर पगार, मुदत, राहण्याची सोय, दुखापतीचा खर्च कोणाचा आणि करार मोडायचं कलम हे पाच मुद्दे वाचून, सही केलेली प्रत हातात घेऊनच निघायचं. व्हॉट्सॲपवरचा फोटो म्हणजे प्रत नव्हे.