पेलेटच्या ६४ डब्या आणि ४० नेमबाज : वाटप कसं करू?

बालेवाडीचा दुकानदार

मंडळी, थोडं लांब लिहितोय, पण नीट वाचून सल्ला द्या.

म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलापासून चालत दहा मिनिटांवर माझं नेमबाजीच्या सामानाचं छोटं दुकान आहे. टार्गेट, जॅकेट, हातमोजे आणि मुख्य म्हणजे १० मीटर एअर रायफल-पिस्तुलाचे ४.५ मिलिमीटरचे पेलेट, म्हणजे शिशाच्या बारीक गोळ्या. परवान्याची काडतुसं मी ठेवत नाही. नेहमीची गिऱ्हाइकं ४० आहेत, निम्म्याहून जास्त शाळा-कॉलेजची मुलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, त्यानंतरच्या दोन महिन्यांत माझ्याकडे आठ नवीन मुलं आली. आईवडील विचारायचे, "सुरुवातीला काय काय लागेल?" फार बरं वाटायचं.

आता अडचण. मॅचच्या पेलेटच्या, ५०० नगांच्या डब्या माझ्याकडे फक्त ६४ उरल्यात. एरवी आठवड्याला ३० जातात. म्हणजे हा दोन आठवड्यांचा माल. मुंबईचा आयातदार म्हणतो पुढची खेप सात आठवड्यांनी, तेही "बहुतेक". आणि २६ मुलांची राज्य पातळीवरची स्पर्धा पाच आठवड्यांवर आली आहे.

काल एक गृहस्थ आले, आधी कधी दुकानात पाहिलेले नव्हते. ३० डब्या एकदम द्या म्हणाले, वर डबीमागे २०० रुपये जास्त देतो, रोख. मी नाही म्हणालो, पण ते गेल्यावर गल्ल्यापाशी बराच वेळ बसून राहिलो. दुकानाचं भाडं मला भरायचंच आहे.

नाही म्हणण्यामागे एक जुनी गोष्ट आहे. कोरोनानंतर असाच तुटवडा आला होता. तेव्हा मी जो पहिला येईल त्याला देत गेलो. भोरहून एक मुलगी आठवड्यातून दोनदा एसटीने यायची. ती आली तेव्हा तिच्या लॉटची, म्हणजे तिच्या बंदुकीला जमलेल्या उत्पादन-तुकडीची, एकही डबी उरली नव्हती. मी दुसऱ्या लॉटची दिली. नेमबाज नसलेल्यांसाठी सांगतो, एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेटचं वजन ०.५३ ग्रॅम, डोक्याचं माप ४.४९ की ४.५० हे डबीवर लिहिलेलं असतं, आणि एकाच कंपनीच्या एकाच मापाचे दोन लॉट एकाच बंदुकीतून वेगवेगळे पडू शकतात. म्हणूनच बंदूक शिकंज्यात आवळून पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारून, ज्याच्या गोळ्या जवळजवळ पडतात तो लॉट निवडतात. त्या पोरीला निवडायला वेळच मिळाला नाही. ती काही बोलली नाही. तिचे वडीलही "ठीक आहे साहेब" म्हणाले. मला अजून ते "ठीक आहे" आठवतं.

काही जण म्हणतात डब्या फोडून सुटे विका. करून पाहिलं. सोनाराकडचा छोटा काटा आणला, २५० पेलेट म्हणजे साधारण १३२ ग्रॅम, प्लास्टिकच्या पिशवीत भरून दिले. दुसऱ्या दिवशी एका कोचने पिशवी परत आणून पेलेट पांढऱ्या रुमालावर ओतले आणि मला भिंग दिलं. पेलेटची कंबर बारीक, मागचा घेर पोकळ आणि कागदासारखा पातळ. शिसं मऊ. एकमेकांवर आपटून दर दहातल्या दोनतीनांचा घेर चेपला होता. असा पेलेट नळीत नीट बसत नाही. तेव्हापासून सुटे बंद.

तर विचारायचं हे : ६४ डब्या कशा वाटू? भाव वाढवू का? आणि पुढची ऑर्डर किती टाकू? फोनवर लोकांनी सांगितलेली मागणी आत्ताच २१० डब्यांवर गेली आहे. एवढे पैसे अडकवायची माझी ताकद नाही. आणखी एक, आपल्या खडकीत दारूगोळ्याचा एवढा जुना कारखाना असताना .२२ बोअरच्या, काडतुसाच्या रायफलने खेळणाऱ्या मुलांनाही गोळ्यांसाठी थांबावं का लागतं, हे कुणी समजावून सांगेल का? मला रोज विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही.

मार्केट यार्ड गुळवाला

दादा, आमचा धंदा गूळ-शेंगदाण्याचा, पण दुखणं एकच आहे.

आधी ते २१० विसरा. माल कमी पडतोय म्हटलं की माणूस चार दुकानांत नाव लावतो. तुमच्याकडे दहा, मुंबईला दहा, ऑनलाइन दहा. लागतात त्याला दहाच. खेप आली की पहिल्या दुकानातून घेतो आणि बाकीच्यांचे फोन उचलत नाही. मी एका दिवाळीला असा गूळ भरला होता, तो होळीपर्यंत पाघळत बसला. प्रत्येकाला स्वतः फोन करा, आणखी कुठे सांगितलंय ते सरळ विचारा आणि चौथा हिस्सा आगाऊ घ्या. आकडा आपोआप खाली येईल.

दुसरं, तुम्ही ऑर्डर कधी टाकता? पूर्वी माल किती दिवसांत यायचा?

बालेवाडीचा दुकानदार

पूर्वी चार आठवड्यांत यायचा. १२० डब्या उरल्या की ऑर्डर टाकायची, ही सवय वडिलांपासूनची. हल्ली नऊ आठवडे लागतात.

मार्केट यार्ड गुळवाला

मग खड्डा तिथेच पडला बघा. आठवड्याला ३० गुणिले चार म्हणजे १२०, तेव्हा बरोबर होतं. आता ३० गुणिले नऊ, २७०. खप तेवढाच राहिला, रस्ता लांबला, आणि तुम्ही जुन्याच आकड्याला ऑर्डर टाकत राहिलात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. सुएझने येणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली, तेवढ्यानेच दहा-पंधरा दिवस वाढले. आमच्या ओळखीच्या सुक्यामेव्यावाल्यांनाही तेव्हा फटका बसला होता. २७० च्या वर दोन आठवड्यांची उशी ठेवा, पण एकदम भरू नका. दर तीन आठवड्यांनी थोडी थोडी ऑर्डर टाकली तर पैसेही अडकणार नाहीत आणि एक खेप रखडली तरी दुसरी वाटेत असेल.

भाव : आयातदाराने वाढवला तेवढाच वाढवा. त्यावर एक रुपया नको. तुटवडा सहा महिन्यांनी जाईल, गिऱ्हाईक लक्षात ठेवतं.

खडकीचे निवृत्त काका

नमस्कार. माझी सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली. कारखाना १८६९ चा. २०२१ च्या ऑक्टोबरपासून म्युनिशन्स इंडिया या कंपनीखाली आहे, तिचं मुख्यालयही पुण्यातच. आतलं काही सांगणार नाही, ते शोभत नाही. जे कुठल्याही तांत्रिक पुस्तकात मिळतं तेवढंच सांगतो.

लोकांना वाटतं, मागणी वाढली की मशीन जास्त वेळ चालवायचं. पितळेची टोपी, म्हणजे काडतुसाचं कवच, आणि शिशाची गोळी यांच्या बाबतीत ते काही अंशी खरं आहे. अडतं ते पेट घेणाऱ्या मसाल्यापाशी. .२२ च्या काडतुसाला बुडाशी मधोमध ठिणगी पाडणारी वेगळी कॅप नसते. पितळेच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेत हा मसाला ओला असताना भरतात आणि टोपी गरगर फिरवून कडेच्या पोकळीत सगळीकडे सारखा पसरवतात. ओला आहे तोवर तो शांत असतो, वाळला की नुसत्या घासण्याने उडतो. म्हणून ते काम लहान लहान खोल्यांत, मध्ये मातीचे बांध घालून चालतं. दारावर पाटी असते, आत एका वेळी किती माणसं आणि किती मसाला. मागणी दुप्पट झाली म्हणून त्या पाटीवरचा आकडा कुणी दुप्पट करत नाही, आणि करूही नये. नवीन खोली बांधायची, माणूस तयार करायचा, तर वर्षं जातात.

आणि .२२ ची टोपी एकदा उडाली की संपली. मोठ्या काडतुसांची पितळी टोपी परदेशात लोक गोळा करून पुन्हा भरतात. हिची कडच ठोकली गेलेली असते, ती पुन्हा भरता येत नाही. त्यात चांगले नेमबाज मॅचला इंग्लंड-जर्मनीचीच गोळी मागतात, कारण त्यांची बंदूक तिच्यावर जमवलेली असते. युरोपात २०२२ पासून युद्ध सुरू आहे, तिकडचे दारूगोळ्याचे कारखाने आधी सैन्याचं काम उरकतात. शिसं कडक करायला लागणाऱ्या अँटिमनीवर चीनने २०२४ च्या सप्टेंबरपासून निर्यात-नियंत्रण आणलं, तेही त्यात आलं.

तुमच्या पेलेटमध्ये मात्र दारू नाही. शिशाची तार साच्यात दाबून तो होतो. त्यामुळे .२२ च्या मानाने तो बाजारात लवकर परत येईल असं मला वाटतं. साचा झिजत जातो, माप केसभर बदलतं, म्हणून तुमचे लॉट वेगळे पडतात. पोरांना हे सांगा, त्यांना आवडेल.

कोथरूड, पूर्वी डॅलस

"एका माणसाला रोज एक डबी" असा नियम मात्र करू नका. मी २०१३ मध्ये टेक्सासात नोकरीला होतो. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेतच कनेक्टिकटमधल्या एका शाळेत गोळीबार झाला, कायदा कडक होणार या भीतीने लोकांनी .२२ च्या गोळ्या अक्षरशः पुसून नेल्या. दुकानांनी माणशी एक-दोन खोकी असा नियम लावला. झालं काय, माल कधी उतरतो हे माहीत असलेली तीच ती दहा माणसं रोज पहाटे रांगेत. नोकरी-शाळा असलेला माणूस संध्याकाळी पोचायचा तेव्हा फळी रिकामी. तीच खोकी मग बाहेर दुप्पट भावाने. हे महिनोन् महिने चाललं. नियम दिवसाचा होता, गरजेचा नव्हता. तुमच्याकडे गिऱ्हाइकं ४०, सगळी नावानिशी ओळखीची. तुम्हाला रांग लावायची गरजच काय?

कोच ताई

दादा, मी तुमच्या दुकानातूनच नेते, ओळखाल.

आधी स्पर्धेच्या २६ मुलांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लॉट लिहा. मॅच ६० गोळ्यांची, त्याआधी सायटिंगच्या, म्हणजे नेम जुळवून घ्यायच्या, वीस-तीस, म्हणजे दिवसाला शंभरच्या आत. माणशी दोन डब्या, एकाच लॉटच्या, म्हणजे १००० गोळ्या. स्पर्धा आणि शेवटच्या आठवड्याचा सराव त्यात आरामात बसतो. ५२ डब्या झाल्या. उरलेल्या १२ हातात ठेवा, कुणाची डबी पडते, कुणाची हरवते.

त्याआधीच्या चार आठवड्यांचा सराव साध्या पेलेटवर आणि रिकाम्या बंदुकीवर. मी आजपासून माझ्या गटाची रोजची ८० गोळ्यांची मोजणी ३० वर आणली आहे. बाकी वेळ नुसतं उभं राहणं, श्वास, ट्रिगर. पालकांना वाटतं पोरगं रिकाम्या बंदुकीने वेळ घालवतंय. तसं नाही हो. माझा स्वतःचा ट्रिगर सुधारला तो गोळ्या घ्यायला पैसे नव्हते त्या वर्षी.

नवीन आठ मुलांना सध्या मॅचचे पेलेट देऊच नका. त्यांना लॉटमधला फरक कळायला अजून वेळ आहे, राग नको.

एक पालक, औंध

माझा मुलगा त्या आठ जणांत आहे. राग नाही, आम्ही थांबू. फक्त एक विनंती, डबी देताना मुलांना सांगत चला की हे शिसं आहे, डबा खाण्याआधी हात धुवा. आमच्याकडे पेलेट पेन्सिलच्या कंपासात सापडले होते.

बालेवाडीचा दुकानदार

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवसांनी लिहितोय, कारण आधी कामाला लागलो.

काल रात्री शटर अर्धं ओढून सगळ्या डब्या काउंटरवर मांडल्या आणि उलट्या करून लॉट वाचले. तीन लॉट निघाले : ३८, १७ आणि ९. ताईंच्या यादीप्रमाणे पहिल्यावर १६ मुलं, दुसऱ्यावर ७, तिसऱ्यावर ३. प्रत्येकाच्या दोन डब्यांना रबर लावून वर नावाची चिठ्ठी अडकवली. उरल्या ६, ३ आणि ३, म्हणजे बरोबर १२. भाव वाढवलेला नाही.

गुळवाले दादा, ४० फोन केले. २१० चे ११८ झाले. दोघांनी मोकळेपणाने सांगितलं की तीन ठिकाणी नाव लावलंय. एकाने तर स्वतःहून माझ्याकडचं काढून घेतलं. ६० ची पहिली ऑर्डर टाकली, तीन आठवड्यांनी दुसरी टाकेन. आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने २७० लिहून ठेवलंय.

काका, तुमचा मजकूर छापून काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे. .२२ ची मुलं उभी राहून वाचतात, मग "दारावरची पाटी" बद्दल मला विचारतात. पालक ताई, हात धुण्याची सूचनाही प्रत्येक चिठ्ठीवर लिहिली आहे.

भोरची ती मुलगी आता कॉलेजात आहे, अजून खेळते, यादीत आहे. तिला फोन केला, डब्या बाजूला काढल्यात म्हणून. तिसऱ्या लॉटवर आहे ती. एकच काळजी, निवड झाली तर तिला पुढे आणखी लागतील आणि त्या लॉटच्या माझ्याकडे तीनच जादा आहेत. कुणाकडे ४.४९ च्या, हिरव्या पट्टीच्या, लॉटच्या शेवटी ७३ असलेल्या डब्या पडून असतील तर कळवा. दुसऱ्या लॉटच्या बदल्यात देईन किंवा रोख घेईन.

एक पालक, औंध

आमच्याकडे दोन आहेत त्याच लॉटच्या, तुम्हीच दिल्या होत्या. एक फोडलेली आहे, शंभरेक गेले असतील. मुलगा म्हणतो भोरच्या ताईला द्या. शनिवारी आणू का?

बालेवाडीचा दुकानदार

आणा, सकाळी दहानंतर या. त्याला साध्या पेलेटच्या दोन डब्या माझ्याकडून. फोडलेली डबी गाडीच्या डिकीत नको, हातात धरून आणा आणि आत वर कापूस ठेवून झाकण लावा, म्हणजे घेर चेपणार नाहीत.