मदत हवी आहे: भाऊ बसऱ्याला चाललाय, व्हिजिट व्हिसावर पाठवावं का?

नमस्कार मंडळी, मी हर्णैची. धाकटा भाऊ वेल्डर आहे, पावसात बोटी वर ओढल्या की डागडुजीची कामं मिळतात, मग परत रिकामाच. आता मुंबईचा एक एजंट इराकमधे बसऱ्याला तेलाच्या साइटवर नोकरी देतो म्हणतोय, पण आधी ८० हजार भरायचे.

आई ऐकायलाच तयार नाही. २०१४ ला मोसुलला आपले ३९ कामगार धरून नेलेले आणि मारले, ते तिच्या डोक्यातून जात नाही. मी नकाशा दाखवला, मोसुल पार वर उत्तरेला, बसरा खाली कुवेतच्या बाजूला, पण तिला काय, इराक तो इराक. बाबा म्हणतात दर्यावर जाणाऱ्याला कसली भीती.

मला खटकतंय वेगळंच. एजंट म्हणतो आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, वर्क परमिट तिकडे करून देतील. भाऊ नववी पास, पासपोर्टच्या शेवटच्या पानावर ईसीआर आहे, म्हणजे कामाला जायच्या आधी सरकारी तपासणी लागते. काँट्रॅक्ट मागितलं तर व्हॉट्सॅपवर फोटो आला, त्यात कंपनीचं नाव अर्धं कापलेलं. पैसे सोमवारपर्यंत हवेत. तिकडे कोणी राहून आलंय का? काही झालं तर दूतावास बगदादला, मग बसऱ्याहून माणूस करतो काय?

प्रतिसाद:
ताई, मी गुहागरकडचा, दोन वर्षं बसऱ्यात काढलीत. कॅम्प ते साइट कंपनीच्याच गाडीतून, बाजारात एकटं फिरायचं नाही, एवढं पाळलं की दिवस जातात. पण ईसीआरवाल्याला इराकला कामाला जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामाला देशाबाहेर जायची सरकारी परवानगी लागते आणि व्हिजिट व्हिसा म्हणजे तीच चुकवायची पळवाट. तसा गेला तर सरकारदरबारी तो कामगारच नाही, प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमाही नाही. एजंटचा लायसन्स नंबर मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर स्वतः बघा. फी जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी, तीपण पावती घेऊन, मग ८० कसले? पासपोर्टच्या झेरॉक्स घरी ठेवा. आमच्यातल्या एकाचा पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतलेला, वडील गेले तरी सुटेना, पोरगा थेट बाराव्याला पोचला.

धागाकर्ती:
दादा, खूप आभार. भावाला वाचून दाखवलं, तो फुगून बंदरावर जाऊन बसलाय. एजंटकडे लायसन्स नंबर मागितलाय, दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही अजून. पैसे भरत नाही.